परक्या दारात पहिला नमस्कार कसा करावा? सीमाभागातून बाहेर जाणाऱ्यांसाठी आणि इकडे येणाऱ्यांसाठी

वेदगंगाकाठ (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यातली पोरं आता मस्कत-दुबईला, जर्मनीला, जपानला नोकरी-शिक्षणासाठी जातात. व्हिसा कसा काढायचा, सामान किती न्यायचं, सिमकार्ड कुठलं घ्यायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण परक्या घरात पाऊल टाकल्यावर हात जोडायचे की पुढे करायचा, वाढलेलं नको असेल तर कसं म्हणायचं, म्हाताऱ्या माणसाला काय म्हणून हाक मारायची, हे कुणी सांगत नाही. आणि पहिल्या भेटीत लोक नेमकं हेच बघतात. पुण्या-मुंबईहून सौंदत्तीला, गोकाकच्या धबधब्याला, बेळगावच्या लग्नांना येणाऱ्यांचीही तीच अडचण. म्हणून हा धागा.

मला वाटतं, या बाबतीत सीमाभागातल्या माणसाची निम्मी तयारी घरीच झालेली असते. वारकरी भेटला की "राम कृष्ण हरी, माउली", आणि तो आपल्या पायाला हात लावतो तेव्हा आपणही त्याच्या पायाला लावायचा. तिथं वय बघायचं नाही. लिंगायत घरात "शरणु शरणार्थी". शेजारच्या जैन घरात "जय जिनेंद्र". मुसलमान चाचांना सलाम. फौजेतून निवृत्त झालेल्या काकांना "राम राम"; मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं अशी घरं आपल्याकडे गावोगाव. रायबाग तालुक्यात चिंचलीच्या जत्रेला निघालेला धनगर भेटला तर "मायाक्काच्या नावानं चांगभलं". हे कुणी समोर बसवून शिकवत नाही. दार बघून तोंडातला शब्द आपोआप बदलतो. परमुलखात हीच सवय कामाला येते: आत शिरण्याआधी जरा थांबायचं, घरची माणसं एकमेकांशी कशी वागतात ते बघायचं, आणि पहिला शब्द त्यांचा वापरायचा. पुढचं बोलणं मग ज्या भाषेत जमेल त्या भाषेत.

एक गोष्ट मात्र आपल्याच घरातली आहे आणि ती मला फार टोचते. बाजारात ऐकून शिकलेलं कानडी आपण बरेचजण एकेरीत बोलतो. भाजीवाल्या अज्जीला "बा" (ये), "कोडु" (दे) म्हणतो. तिच्या नातवानं तिच्याशी असं बोललेलं चालेल, आपण नाही. उत्तर कर्नाटकात आदराचा सगळा भार शेवटच्या "री"वर असतो: बर्री (या), कूड्री (बसा), हौद्री (हो), आराम अदीरेन्री (बरे आहात ना). कानडीचं बाकी व्याकरण चुकलं तरी लोक समजून घेतात, पण "री" गळला की समोरच्याचा चेहरा बदलतो. उलट बाजूनंही तेच. कानडी भाऊ मराठीत बोलताना सगळ्यांना "तू" म्हणतो, कारण त्याच्या कानावर तेवढंच पडलेलं असतं. त्यात उद्धटपणा नसतो. पाहुण्यांनी हे ध्यानात ठेवावं आणि आपण "री" लावायला आजपासून शिकावं.

दुसरं, आग्रहाचं. आपल्याकडे पहिलं "नको" कुणी ऐकत नाही. घरी आलेल्याला आधी पाणी, जुन्या घरांत अजून गूळ-पाणी, मग चहा, मग "जेवूनच जा". बाहेरून आलेल्यांनी गुळाचा खडा तरी तोंडात टाकावा. काहीच घेतलं नाही तर घरच्या बाईला ते लागतं, आणि ती ते बोलून दाखवत नाही.

आपापल्या गावचं, देशचं माहीत असेल ते लिहा. कुणी काय चुकलं याची चेष्टा नको.

—

हिरण्यकेशी

धागा आवडला. वाचनखूण साठवली आहे. भाची सप्टेंबरात जर्मनीला चाललीय, तिला पाठवते.

—

चिकोडीची लेक

आमच्या बाजूला, म्हणजे चिकोडी, अथणी, कागवाड, पलीकडे सांगली-कोल्हापूर, शेती करणारे जैन भरपूर. त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांसाठी लिहिते. घरी जेवायला बोलावलं असेल तर दिवस मावळायच्या आत पोहोचा. घरातली जुनी माणसं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि पाहुण्यासाठी थांबून राहिली तर त्यांना रात्री उपाशी झोपावं लागतं. उशीर होणारच असेल तर फोन करून "तुम्ही जेवून घ्या" एवढं सांगितलं तरी पुष्कळ. भेट म्हणून नेताना कांदा, लसूण, बटाटा घातलेलं काही नेऊ नका.

चातुर्मासात गावात दिगंबर मुनी मुक्कामाला असतात. त्यांना "नमोस्तु" म्हणतात, आर्यिका माताजींना, म्हणजे साध्वींना, "वंदामि", क्षुल्लकांना, म्हणजे मुनिपदाच्या आधीच्या पायरीवरच्या त्यागींना, "इच्छामि". बायकांनी मुनींच्या पायाला हात लावायचा नसतो, अंतर राखून बसून नमस्कार करायचा. आहाराच्या वेळी मधे बोलायचं नाही, फोटोला धावायचं नाही. हे पाळलंत तर कुणी तुमची जात-पात विचारत नाही, पुढं बोलावून बसवतात.

—

मस्कतकर

मी मूळचा बेळगाव तालुक्यातला, बरीच वर्षं ओमानमध्ये आहे. आखातात येणाऱ्या आपल्या पोरांसाठी सविस्तर लिहितो, कारण इथं लहान गोष्टीवरून माणूस कायमचा जवळ येतो किंवा कायमचा लांब जातो.

"अस्सलामु अलैकुम" आपण म्हटलं तर कुणाला खटकत नाही, उलट आनंद होतो. आपल्यातल्या ज्यांना बेळगावात दर्ग्याच्या वाटेवर सलाम करायची सवय आहे त्यांना अवघड जाणार नाही. खोलीत दहा माणसं बसली असतील तर उजवीकडून सुरू करून एकेकाला हात मिळवायचा. एकाला मिळवून बाकीच्यांना हात हलवला असं करू नका. हात हलका धरतात आणि बराच वेळ धरून ठेवतात. झटकन काढून घेतला तर तुटकपणा वाटतो. ओमानी, अमिराती पुरुष आपसात नाकाला नाक लावून भेटतात, ते त्यांच्या जवळिकीचं आहे, आपण आपणहून करायचं नसतं. बाईंच्या पुढे आपण हात करायचा नाही. त्यांनी केला तर मिळवायचा, नाहीतर छातीवर उजवा हात ठेवून मान लववायची. ही खूण सगळीकडे चालते.

मग विचारपूस. ती लांब असते आणि ती संपेपर्यंत कामाचं काढायचं नाही. तब्येत कशी, घरचे कसे, पाऊसपाणी कसं. "घरचे कसे आहेत" इतकंच विचारायचं. "बायको कशी आहे" असं थेट विचारू नये. आपल्या गावात वहिनींची चौकशी केली नाही तर राग येतो, इथं केली तर येतो.

कहवा आला की उजव्या हातानं घ्यायचा. कप लहान, कानाशिवायचा, त्याला फिंजान म्हणतात. तळाशी थोडाच ओततात. पूर्ण भरला नाही म्हणून कमी लेखलं असं समजू नका, थोडाथोडा पुन्हा पुन्हा देण्यातच मान आहे. रिकामा कप पुढे धरला की वाढणारा पुन्हा ओततो. पुरे झालं की कप मनगटानं दोनतीनदा हलवून परत द्यायचा. सोबत खजूर, ओमानमध्ये हलवाही. या कहव्याच्या आदरातिथ्याला युनेस्कोनं २०१५ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलंय, सौदी, अमिराती, ओमान आणि कतार या चौघांच्या नावानं.

बसताना पायाचा तळवा समोरच्याकडे होऊ देऊ नका. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर, गाडीत पाणीसुद्धा पिऊ नये. आणि डाव्या हातानं काही देऊ नये, हे आपल्याला आजीनंच शिकवलंय.

—

घटप्रभा

माझं घर कानडी, शाळा मराठी. धागालेखकांनी "री"बद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं. माझी आई हेच म्हणते, मराठी माणसं मनानं चांगली पण एकेरीत बोलतात. तिला हा धागा वाचून दाखवणार आहे.

"शरणु शरणार्थी" म्हणताना हात जोडून थोडं वाकायचं, बस. बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या शरणांपासून आलेली ही रीत आहे, लहान-मोठा न बघता दोघांनी एकमेकांना करायची. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावू नका, कुतूहलानं "बघू दे" म्हणून मागू नका. मठात स्वामीजींच्या समोर मुलं असली तर ती कशी वाकतात ते बघून तसं करा.

आणि दसऱ्याला इकडं असाल तर संध्याकाळी घरीच बसू नका. आमच्याकडं बन्नी देतात, म्हणजे शमीची पानं, तुमच्याकडं आपटा. देताना म्हणतात, "बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण". बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. बेळगावात एकाच गल्लीत बन्नी आणि आपटा दोन्ही हातात घेऊन पोरं फिरतात. मोठ्यांच्या हातात पान द्यायचं, पाया पडायचं, पुढच्या घरी. वर्षभर बोलणं बंद असलेली माणसंसुद्धा त्या दिवशी पान नाकारत नाहीत.

—

काळा दिन १ नोव्हेंबर

मनापासून लिहितो, कुणी वाईट वाटून घेऊ नका. पहिला शब्द यजमानाचा, हे घरात आणि देवळात मान्य. पण आपण इथं पाहुणे नाही. १९५६ च्या पुनर्रचनेत आपल्याला न विचारता इकडं टाकलं. महाजन आयोग झाला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझ्या आजोबांनी सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्या. मी माझ्याच गावातल्या कचेरीत गेल्यावर यजमान कोण आणि पाहुणा कोण? कानडीतून नमस्कार केला की पुढचा अर्जही कानडीतूनच आण म्हणतात. म्हणून मी मुद्दाम मराठीतूनच सुरुवात करतो.

—

वेदगंगाकाठ

@काळा दिन, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. माझ्याही घरात तो इतिहास आहे, त्यामुळे तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही.

पण मी दोन गोष्टी वेगळ्या धरतो. अर्ज हा हक्काचा विषय आहे. घटनेच्या ३५० व्या कलमानं गाऱ्हाण्याचा अर्ज संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करण्याचा अधिकार दिलाय. १९५६ च्याच सातव्या दुरुस्तीनं ३५० क आणि ३५० ख आली, मुलांच्या मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या विशेष अधिकाऱ्यासाठी. तिथं एक पाऊल मागं घेऊ नका. मराठीतच लिहा, पोच घ्या. नमस्कार मात्र कचेरीला नसतो, खुर्चीतल्या माणसाला असतो. ती बाई बागलकोटहून बदलून आलेली असते, घरी तिची आजारी सासू असते. तिला "नमस्काररी अक्का" म्हटल्यानं आपला दावा तसूभरही कमी होत नाही. मी तसं म्हणतो आणि मग मराठी अर्ज पुढे ठेवतो. काम लगेच होतंच असं नाही, पण भांडण अर्जावर राहतं, माणसावर येत नाही.

बाहेरून येणाऱ्यांना एक विनंती याच ओघात. "जय महाराष्ट्र" किंवा "जय कर्नाटक" हे तुमच्याकडे साधे शब्द असतील, इथं त्यांच्यामागं माणसांनी भोगलेलं आहे. ओळख नसलेल्या ठिकाणी, बसमध्ये, हॉटेलात ते सहज म्हणून उच्चारू नका. "नमस्कार" दोन्ही भाषांत तोच आहे.

—

काळा दिन १ नोव्हेंबर

अर्जाबद्दलचं पटलं. अक्का म्हणायला माझीही हरकत नाही. पण समोरूनही एखादा मराठी शब्द यावा, एवढी अपेक्षा मी ठेवणारच.

—

घटप्रभा

ती अपेक्षा रास्त आहे. माझ्या भावाला मी हेच सांगते.

—

खानापूरची सून

बायकांच्या बाजूचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे निघताना हळदकुंकू लावतात, ओटी भरतात: खण, नारळ, तांदूळ. कानडी घरांत "उडी" म्हणतात. परगावच्या मुलींना कळत नाही की पदर पुढे करायचा. जीन्समध्ये असलात तर ओढणी किंवा रुमाल पुढे धरा, चालतं. तांदळाचे चार दाणे परत त्यांच्या ताटात टाकायचे.

पण मला खरं बोलायचंय ते विधवांबद्दल. पाहुणी आली की घरातली विधवा जाऊ किंवा सासू आपणहून आत जाते, कुंकवाचं ताट तिच्यापुढे येत नाही. सीमेपलीकडे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि मग राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आपल्या गावांनी ते अजून मनावर घेतलेलं नाही. मी माझ्या घरी सगळ्यांना कुंकू लावते. पाहुणी म्हणून गेलात तर ताटापुढे बसण्याआधी "काकू कुठं आहेत, त्यांनाही बोलवा" असं म्हणा. घरातल्या सुनेला जे बोलता येत नाही ते पाहुणीला येतं.

—

हिरण्यकेशी

खानापूरची सून, डोळ्यांत पाणी आलं. माझी आई अशीच आत जाऊन बसायची.

—

टिळकवाडी

बेळगावातल्या मेडिकल कॉलेजात मलेशियाची मुलं शिकायला असतात, २०१० पासून तिथल्या सरकारी विद्यापीठाबरोबर अभ्यासक्रम चालू आहे. आमच्या वरच्या मजल्यावर अशा मुली भाड्यानं राहून गेल्या. त्यांचा सलाम फार सुंदर. दोन्ही हातांनी आपला हात हलकेच स्पर्शून मग स्वतःच्या छातीशी नेतात. मोठ्यांचा हात कपाळाला किंवा ओठांना लावतात. वाट दाखवताना पहिलं बोट रोखत नाहीत, मूठ मिटून अंगठ्यानं दाखवतात. चपला दाराबाहेर, जेवण उजव्या हातानं, त्यामुळे आमच्या आईशी त्यांचं लगेच जमलं.

एकच जपावं लागलं. आपण आशीर्वाद देताना डोक्यावर हात ठेवतो. मलय लोकांत आणि थायलंडातही डोकं हा शरीराचा सर्वांत मानाचा भाग, तिथं दुसऱ्यानं हात लावायचा नसतो. आईला सांगितल्यावर ती त्यांच्या दंडावर थोपटायची. माया पोहोचायची ती पोहोचलीच.

—

चोर्लामार्गे

मुंडगोडला जाणाऱ्यांसाठी: तिबेटी वसाहत १९६६ पासून आहे, बेळगावहून एका दिवसात जाऊन येता येतं. "ताशी देलेक" म्हणायचं. पांढरा खाता, म्हणजे मानाचं उपरणं, दिला तर दोन्ही हातांनी घ्यायचा. विहारात आणि प्रार्थनाचक्रांभोवती आपल्या प्रदक्षिणेसारखं उजवीकडूनच फिरायचं. प्रार्थना चालू असताना बसलात तर पाय मूर्तीकडे करू नका.

—

नागोयातून

जपानमध्ये कारखान्यात आहे. वाकून नमस्कार, हात मिळवणं क्वचित. सहकाऱ्याला थोडं, ग्राहकाला किंवा साहेबाला जास्त, माफी मागताना सर्वांत खाली. शिकवताना १५, ३० आणि ४५ अंश असं सांगतात, पण प्रत्यक्षात समोरचा किती वाकतो ते बघून त्याच्याइतकं किंवा किंचित जास्त वाका. पाठ सरळ, नजर खाली. हात जोडू नका, इथं ते देवापुढे किंवा जेवणाआधी.

व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या, वाचा, बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवा. मागच्या खिशात कोंबणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. घरात चपला उंबऱ्याशी. संडासाच्या चपला वेगळ्या, त्या घालून बाहेर यायचं नाही. भातात जेवायच्या काड्या उभ्या रोवायच्या नाहीत आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतरच्या विधींशी जोडलेलं आहे. आपण पिंडाच्या भाताबद्दल जसे हळवे असतो तसेच ते इथं. टीप ठेवू नका, मागं धावत येऊन परत देतात.

—

स्टुटगार्टची

@हिरण्यकेशी, भाचीला हे सांगा. डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात, लहान दुकानात, लिफ्टमध्ये शिरताना "गुटेन टाग" म्हणायचंच. गुपचूप जाऊन कोपऱ्यात बसलं की तुसडेपणा वाटतो. हात घट्ट मिळवायचा, डोळ्यांत बघून. मोठ्यांकडे रोखून बघू नये हे आपलं वळण, पण इथं नजर चुकवली तर काहीतरी लपवतेय असं वाटतं. अनोळखी, वडीलधाऱ्यांना "झी" (अहो-जाहो), आपणहून "डू"वर (अरे-तुरेवर) यायचं नाही, मोठा माणूस सुचवतो तेव्हा. "री" लावणाऱ्यांना हे लगेच कळेल.

आपल्या पोरींना सर्वांत जड जातं ते म्हणजे इथं पहिलं "नको" हेच शेवटचं "नको". कॉफी हवी का विचारलं, संकोचानं नाही म्हटलं, तर पुन्हा विचारत नाहीत. मग तहानलेलीच बसून राहते. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणायचं. आणि आपल्या घरी आलेल्या इथल्या पाहुण्यालाही आग्रह एकदाच करायचा, दुसऱ्यांदा केला की त्याला जबरदस्ती वाटते. इराणी मैत्रीण आहे माझी, तिच्याकडे याच्या बरोबर उलट: दुकानदारसुद्धा आधी पैसे नको म्हणतो, आणि आपण दोनतीनदा आग्रह करून द्यायचे असतात. तिला आपलं आदरातिथ्य न सांगता कळलं.

पगार किती, लग्न झालं का, जाड झालीस, हे प्रश्न आपल्याकडे आपुलकीचे. इथं विचारू नयेत. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नयेत, अपशकुन मानतात. आणि "थँक्यू" म्हणायला लाजू नको म्हणावं. घरच्या माणसांचे आभार मानले तर आपली आई रागावते, पण इथं मीठ पुढे सरकवलं तरी "डांके" म्हणतात.

—

पहिल्यांदाच सौंदत्ती

पुण्याची आहे. आजीचा नवस होता, आता मी जाणार आहे यल्लम्माला. तिथं काय पाळायचं? फोटो काढायची आवड आहे.

—

वेदगंगाकाठ

ताई, या. डोंगरावर सगळीकडून "उदो" ऐकू येईल, तुम्हीही म्हणा, मराठी-कानडी दोघांची हाक तीच आहे. भंडारा कपाळाला लावतील, अंगावर पडेल. पांढरे, महागाचे कपडे घालू नका आणि झटकू नका. पौर्णिमेला कोल्हापूरकडच्या गाड्यांची गर्दी फार असते, वडीलधारी सोबत असतील तर मधला वार धरा.

फोटोबद्दल जरा नीट ऐका. डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, घेतलेल्या, देवीला सोडलेल्या जोगतिणी भेटतील, जोगप्पा भेटतील. आधी हात जोडा, परडीत पीठ-मीठ, पैसे जे घालायचं ते घाला, आशीर्वाद घ्या, मग विचारा. नाही म्हणाल्या तर मोबाइल खिशात. मुली देवीला सोडण्याची प्रथा कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंद केली आहे. वयस्कर जोगतीण भेटली तर तिच्या आयुष्याबद्दल उभ्या-उभ्या चौकशी करू नका. ती आपणहून बोलली तर शेजारी बसून ऐका. "अव्वा" किंवा "आई" म्हणा, नावानं हाक मारू नका.

—

हिरण्यकेशी

एक शेवटचं विचारते. भाची जिथं राहणार त्या घरच्या आजींसाठी कुंदा पाठवावा म्हणते. चालेल ना?

—

स्टुटगार्टची

कुंदा नको. दुधाचे पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघाच्या देशांत आणता येत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. गोकाकची रंगवलेली लाकडी फळं द्या, हलकी असतात आणि इथं कुणी तशी पाहिलेली नसतात. कागदात छान गुंडाळून दारातच द्यायची. आजी तिच्यासमोरच उघडतील, ते इथलं वळण आहे. जपानला कुणी नेणार असेल तर तिथं समोर उघडत नाहीत, बाजूला ठेवतात, नागोयावाले सांगतीलच. फुलं न्यायची झाली तर विषम संख्येत आणि वरचा कागद काढून. लाल गुलाब नकोत.

—

हिरण्यकेशी

बरं झालं विचारलं. रविवारी गोकाकला जाऊन घेऊन येते.